घोरणं कमी झालं, श्वास मात्र अडतच होता

आमचे हे लग्नापासूनच घोरतात. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्या घोरण्याची चाल बदलली. घोरता घोरता आवाज एकदम तुटायचा. खोली शांत व्हायची. पोट हलताना दिसायचं, पण नाकापाशी हात धरला तर हवा लागायची नाही. मग अचानक घशातून मोठा उसासा यायचा, अंग दचकायचं आणि पुन्हा घोरणं सुरू. मी उशाशी मोबाईल ठेवून त्या शांततेचे सेकंद मोजायला लागले. १२, १८, एकदा तर ३५.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यांचं टॉवेलचं काम आहे. दुपारी हिशेबाची वही पुढे असतानाच डोळा लागायचा. सकाळी डोकं जड असायचं, ब्लडप्रेशरच्या गोळीचा डोस वाढवूनही आकडा उतरत नव्हता. डिसेंबरमध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मानेचा घेर मोजला आणि म्हणाले, "ही स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराची लक्षणं वाटतात. झोपेची तपासणी करून घ्या, टाळू नका." चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, तरी आम्ही फसलो.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस होते. होटगी रोडच्या बाजूला एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचं आरोग्य प्रदर्शन लागलं होतं. मसाजच्या खुर्च्या, गुडघ्याचे पट्टे, तांब्याचे जग असं सगळं. एका स्टॉलवर 'घोरणं आणि ॲप्निया २१ दिवसांत बंद' असा फलक होता. पांढरा कोट घातलेला माणूस, टेबलावर उश्या. मधे खोलगट, दोन्ही कडांना उंचवटा, आत मेमरी फोम. मानदुखीसाठी मिळते तसलीच.

त्याने यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ९०. माझ्या पोटात गोळा आला. मग यांना बाकावर त्या उशीवर झोपवलं, पाच मिनिटांनी पुन्हा चिमटा लावला. ९८. "बघा वहिनी, तुमच्या डोळ्यांसमोर घसा मोकळा झाला." आजूबाजूला चार माणसं उभी होती, त्यांनी माना डोलावल्या.

पुढे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. बोट गार असेल, चिमटा नीट बसला नसेल तर आकडा कमी दिसू शकतो. आम्ही जानेवारीच्या संध्याकाळी स्कूटरवरून गेलो होतो, यांचे हात थंड पडलेले. आणि मुख्य म्हणजे ॲप्नियाचा माणूस जागा असताना त्याचा ऑक्सिजन बहुतेक वेळा ठीकच असतो. झोप लागली, घशाचे स्नायू सैल पडले, श्वासाची वाट मिटली, की तो खाली येतो. जाग्या माणसाच्या बोटावर पाच मिनिटं चिमटा लावून ना ॲप्निया कळतो, ना तो बरा झाल्याचं कळतं.

मी पर्समधली चिठ्ठी काढून त्याला दाखवली. तेव्हा तो जे बोलला, त्याचा राग मला अजून येतो. पैशांपेक्षा त्या बोलण्याचा. "तपासणीत पैसे घालवू नका. ते तुम्हाला मशीन लावायला सांगणार. एकदा नळी नाकाला लागली की आयुष्यभर सुटत नाही. आधी उशी वापरा, फरक नाही पडला तर ३० दिवसांत पैसे परत." यांना मशीनची भीती आधीपासूनच होती. ६,५०० ची उशी प्रदर्शनात ४,९०० ला होती. दुकानाच्या नावाऐवजी कुणा माणसाच्या नावावरच्या क्यूआरवर आम्ही पैसे पाठवले.

घरी आल्यावर यांनी अभ्रा बोटांत चोळून पाहिला. खोक्यावर 'बांबूचं कापड' असं लिहिलं होतं. यांचा जन्म सुतात गेलाय. "हे पॉलिएस्टर आहे," म्हणाले. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "असू दे, काम आतल्या फोमचं आहे." तिथेच आम्ही उठून परत गेलो असतो तर प्रदर्शनाचा अजून एक दिवस बाकी होता.

आता खरं सांगते, पहिल्या आठवड्यात घोरणं कमी झालं. म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे, कारण उशीचा काहीच उपयोग झाला नसता तर आम्ही आठ दिवसांत शहाणे झालो असतो. त्या उंचवट्यामुळे हे थोडे कुशीवर वळून झोपायला लागले. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू मागे पडतात आणि आवाज वाढतो, कुशीवर तो उतरतो. घरात शांतता झाली. सासूबाई म्हणाल्या, देव पावला. आणि कित्येक महिन्यांनी मला सलग झोप लागायला लागली.

मी झोपले, आणि सेकंद मोजणारं कुणी उरलं नाही. श्वास थांबतो तेव्हा आवाज नसतोच. आवाज कमी झाला यावरून श्वास सुरळीत झाला असं मी धरून चालले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, चिठ्ठी पर्समध्येच राहिली. दुपारची पेंग तशीच होती, ब्लडप्रेशर तसंच होतं. मी ते उन्हाळ्यावर ढकललं.

एप्रिलमध्ये पुण्याहून परत येताना मोहोळच्या अलीकडे यांचा डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासत गेली. पुढचं चाक फुटलं, डावा आरसा शाबूत, उजवी बाजू सगळी कापली गेली. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती चिठ्ठी घेऊन गेलो.

तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, रात्रभर. मी मुद्दाम तीच उशी दिली. रिपोर्टमध्ये तासाला सरासरी ४२ वेळा श्वास थांबलेला किंवा अपुरा झालेला होता. डॉक्टर म्हणाले, ५ च्या खाली ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० च्या वर तीव्र. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७४ पर्यंत गेला होता. कुशीवर असतानाही श्वास अडत होता, फक्त आवाज कमी होता.

डॉक्टरांनी उशीला नावं ठेवली नाहीत, हे सांगायला हवं. मानेला आराम देत असेल तर वापरा, म्हणाले. काहींना फक्त उताणं झोपल्यावरच त्रास होतो, त्यांना कुशीवर झोपून खरोखर फरक पडतो. पण आपण त्यातले आहोत का, हे तपासणीशिवाय कळत नाही. यांना सीपॅप मशीन लागलं. मास्कमधून हवेचा दाब येतो आणि घशाची वाट उघडी राहते, एवढंच त्याचं काम. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ते जगापुढे मांडलं. पहिले दहा दिवस यांना मास्कचा फार त्रास झाला, मध्यरात्री काढून फेकायचे. मग मास्कचा आकार बदलून घेतला. आता दुपारी वहीवर मान पडत नाही.

पैसे परत मागायला फोन केला तर नंबर बंद. मंगल कार्यालयात विचारलं, तर हॉल ज्याच्या नावावर घेतला होता त्याचाही नंबर तोच. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, छापील किंमत नाही. पाकीटबंद मालावर हे सगळं असावंच लागतं. घेताना खोकं उलटून पाहायला मला अर्धा मिनिट लागला असता. नवी पेठेत गादीच्या एका दुकानात हुबेहूब तशीच उशी ९५० ला मिळाली, तीही रीतसर बिलासह, आणि दुकानदाराने ती मानेसाठी म्हणूनच दाखवली.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. समोरच्याचं नाव-पत्ता नसल्यामुळे ती अडून बसली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण तिथेही विरुद्ध बाजू कोण हे लिहावं लागतं. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील घेऊन आम्ही पोलिसांकडे अर्ज दिला आहे.

उशी, खोकं आणि पावती मी एका पिशवीत बांधून ठेवली आहे. पावतीवर निळ्या शाईचा गोल शिक्का आहे, त्यात कुणाचंच नाव नाही, नुसतं 'निरोगी झोप केंद्र, सर्व शाखा'. असा शिक्का असलेली पावती सोलापुरात किंवा बार्शी, पंढरपूर भागात कुणाच्या घरी असेल तर ती फेकू नका. आणि त्या उशीवर घरातलं माणूस शांत झोपलं असेल, तर आज रात्री जागून त्याचा श्वास ऐका.