लंडनचं ग्लोब: तिकीट उभ्याचंच काढा

'रोमिओ अँड ज्युलिएट' शिकणाऱ्या मुलांसाठी शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाच्या अंगणातली उभ्याची तिकिटं सर्वांत उत्तम, आणि स्वस्तही. सुमारे ७०० माणसं उघड्या आभाळाखाली, काही तर रंगमंचाला खेटून. नट थेट त्यांच्याशीच बोलतात. मात्र प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत, छत्रीही चालत नाही. रेनकोट न्याच. बाकांवर छप्पर आहे, पण लाकडी खांब आड येतात आणि उशीशिवाय पाठीचे हाल. आधी वर्गात नाटकाच्या सुरुवातीच्या १४ ओळी मोठ्याने वाचून घ्या. शेवट तिथेच कळतो. शेक्सपिअरच्या काळी ज्युलिएटचं काम मुलगाच करायचा, हे बालगंधर्वांच्या मुलखात वेगळं समजवावं लागत नाही. गंमत म्हणजे नाटक साधारण १५९५चं, मूळ ग्लोब १५९९चं. आजची प्रतिकृती १९९७ची.