सौम्य वासाचं डिटर्जंट निवडताना: वास बाटलीचा नको, वाळलेल्या कपड्याचा घ्या

दुकानात डिटर्जंट घेताना बहुतेक लोक टोपण थोडं सैल करून बाटली नाकाशी धरतात. सौम्य वास हवा असेल तर ही परीक्षा हमखास फसवते. टोपण उघडताच नाकात जातो तो लिंबू, संत्रं, पुदिना अशा झटकन उडणाऱ्या घटकांचा वास. त्यातला बराचसा धुण्याच्या पाण्याबरोबर आणि कपडा वाळताना निघून जातो. मागे राहतात ते जड, चिवट घटक, त्यातही मुख्यतः कृत्रिम कस्तुरीच्या जातीचे. ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत, धाग्याला धरून बसतात. म्हणून बाटलीत ताजातवाना वाटलेला वास दोन दिवसांनी उशीच्या अभ्र्यावर गोडसर आणि जड लागतो. कधी याच्या उलटही होतं: बाटलीत उग्र वाटणारं लिक्विड कपडा वाळल्यावर अगदी मंद होतं.

खरी परीक्षा घरी होते. त्यासाठी मोठा कॅन न घेता पुडी किंवा सगळ्यात छोटी बाटली आणावी. दोन जुने पांढरे सुती रुमाल आधी नुसत्या गरम पाण्यातून दोनदा काढावेत, म्हणजे जुन्या पावडरचा आणि सॉफ्टनरचा वास उतरतो. मग अर्ध्या बादलीत, म्हणजे साधारण 8 लिटर पाण्यात, एक चहाचा चमचा लिक्विड टाकून रुमाल 15 मिनिटं भिजवावेत, चोळून दोन पाण्यांतून खंगाळावेत. एक रुमाल उन्हात वाळवा, दुसरा घरात पंख्याखाली. पूर्ण वाळल्यावर एक दिवस कपाटाबाहेर उघड्यावर ठेवून मग वास घ्या. हातभर अंतरावरून वास येत असेल तर ते डिटर्जंट सौम्य म्हणायचं नाही. नाकाजवळ नेल्यावरच कळत असेल तर ठीक. मग रुमाल दोन्ही हातांत चोळा. चोळल्याबरोबर वासाचा भपका उठला तर त्या डिटर्जंटमध्ये सुगंधाच्या सूक्ष्म कुप्या असण्याची दाट शक्यता आहे. या कुप्या कापडाला चिकटतात आणि अंगावर घासल्या की फुटतात. 'दिवसभर दरवळ', 'लाँग लास्टिंग फ्रेग्रन्स' असे दावे ज्या वेष्टनांवर असतात तिथे बहुधा हेच तंत्र असतं. मंद वासाच्या शोधात असाल तर असे शब्द दिसले की पुढच्या फळीकडे वळा.

शेवटची पायरी इस्त्रीची. रुमालावर पाण्याचा हलका शिडकावा करून गरम इस्त्री फिरवा. वाफेबरोबर वर येणारा वास हा त्या कापडात अडकलेला सगळा ऐवज असतो. तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबला तर एकतर सुगंध जास्त आहे, नाहीतर खंगाळणं कमी पडलं आहे. या सगळ्यात एक काळजी घ्यावी लागते. नाक पाच-दहा मिनिटांत एकाच वासाला सरावतं, त्यामुळे कपडे धुणाऱ्या माणसाने एकट्याने निकाल देऊ नये. बाहेरून घरी आलेल्या माणसाच्या हातात रुमाल द्यावा.

आता बाजारातल्या मालाविषयी. साध्या पावडरमध्ये धुण्याचा सोडा भरपूर असतो, तिचं द्रावण चांगलंच अल्कधर्मी होतं, आणि पावडरमधल्या मूळ रसायनांना स्वतःचा एक कोरडा, नाकात बसणारा वास असतो. तो झाकायला सुगंध ठळक ठेवावा लागतो. टाईडच्या पावडरी मोगरा-गुलाब किंवा लिंबू-पुदिना असं वेष्टनावर सांगूनच विकल्या जातात, व्हीलची ओळखच लिंबू आणि फुलांची आहे. पैशाच्या मानाने दोन्ही मळ चांगला काढतात. पण मंद वासाची अपेक्षा घेऊन त्यांच्याकडे जाऊ नये, तो त्यांचा हेतूच नाही.

रोजच्या सुती कपड्यांसाठी आमची पसंती एन्झाइम (डाग तोडणारी प्रथिनं) असलेल्या मॅटिक, म्हणजे वॉशिंग मशीनसाठीच्या, लिक्विडला आहे. लिक्विडला पावडरचा तो कोरडा वास नसतो, ते थंड पाण्यात पूर्ण विरघळतं आणि कपड्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत. प्रोटिएज हे एन्झाइम घाम, रक्त, दूध, वरणाचे डाग तोडतं, अमायलेज भाताची पेज आणि खळ, लायपेज तेल. दुर्गंधीचं खाद्यच निघून गेल्यामुळे ती झाकायला जास्त सुगंध लागत नाही. सर्फ एक्सेल मॅटिक आणि एरियल मॅटिक या दोन्ही लिक्विडांची धुलाई उत्तम आहे. दोघांतही सुगंध आहे आणि तो पुरेसा जाणवतो. आमच्या नाकाला एरियल जास्त धीट वाटतं. सर्फ एक्सेल योग्य मापात वापरलं आणि कपडे उन्हात वाळले तर दुसऱ्या दिवशी वास मंदावतो. मात्र एकाच ब्रँडच्या दोन प्रकारांत सुगंध वेगळा असू शकतो, त्यामुळे एका पुडीवरून अख्ख्या ब्रँडला नापास करू नका. टॉप लोड आणि फ्रंट लोड या खुणाही पाळाव्यात. फ्रंट लोड यंत्र पाणी कमी घेतं. त्यात जास्त फेसाचं डिटर्जंट घातलं की फेस निघत नाही आणि कपड्यात राहिलेला साबणच वास देत बसतो.

लिक्विडची एक उणीव लपवण्यासारखी नाही. त्यात ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं, कपडे पांढरे ठेवणारं ब्लीच) टिकत नाही, म्हणून ते घातलेलं नसतं. पांढरे टॉवेल, पायपुसणी, बनियन यांना महिन्यातून एक-दोनदा ऑक्सिजन ब्लीच असलेली पावडर 40 ते 60 अंशांच्या पाण्यात द्यावी लागते, नाहीतर नुसत्या लिक्विडवर ते हळूहळू पिवळट आणि आंबूस होतात.

रेशीम आणि लोकरीला मात्र हे मॅटिक लिक्विड लावू नये. दोन्ही प्रथिनांचे धागे आहेत, आणि डाग खाणारं प्रोटिएज त्यांनाही कुरतडतं. इथे गोदरेजचं इझी योग्य. त्यात सोडा नाही, वास हलका आहे, आणि सावलीत वाळलेल्या स्वेटरवर तो फार काळ रेंगाळत नाही. अर्ध्या बादलीत एक टोपण, भिजवणं पाच-दहा मिनिटं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. काही जण मंद वासासाठी रोजचे सुती कपडेही इझीत धुतात. कॉलरचा मळ आणि फोडणीचं तेल त्याला झेपत नाही, पंधरा-वीस धुण्यांनंतर कपडा निस्तेज दिसू लागतो. जरीची पैठणी घरी धुण्याच्या भानगडीत पडू नका, तिला ड्रायक्लीनच बरं.

सुगंधच नको असेल तर रिठा आहे. दहा-बारा रिठे बिया काढून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून कुस्करायचे, गाळायचे. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच करावं. त्याला किंचित आंबट वास असतो, तो वाळल्यावर जातो. पांढऱ्या कपड्यावर पिवळसर झाक येऊ शकते आणि तेलकट मळापुढे रिठा कमी पडतो. रेशमाला आणि लोकरीला मात्र छान.

तान्ह्या बाळाच्या घरी किंवा कुणाला इसब, दमा, परफ्यूमची अॅलर्जी असेल तर 'माइल्ड' किंवा 'बेबी' या शब्दांवर विसंबू नका. बेबी लाँड्री वॉश म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत सुगंध असतोच. 'अनसेंटेड' म्हटलेल्या मालातही मूळ रसायनांचा वास झाकण्यापुरता सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रेग्रन्स फ्री' असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि घटकांच्या यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' हा शब्द नको. युरोपीय संघात सुगंधातले ठरावीक अॅलर्जीकारक घटक 0.01 टक्क्याहून जास्त असतील तर त्यांची नावं वेष्टनावर द्यावी लागतात, लिमोनीन आणि लिनॅलूल त्यांतलेच. परदेशात राहणाऱ्यांना ती यादी फार उपयोगी पडते. आपल्याकडे बहुतेक वेष्टनांवर एवढा तपशील नसतो. 'नैसर्गिक तेलांचा सुगंध' म्हणजे निर्धोक असंही नाही: लिमोनीन लिंबू-संत्र्याच्या तेलात असतं, लिनॅलूल लॅव्हेंडरच्या, आणि हवेशी संयोग झाला की दोन्ही त्वचेला जास्त त्रास देतात.

डिटर्जंट कितीही नेमकं निवडलं तरी माप चुकलं की सगळं वाया जातं. मुंबईला तलावांचं आणि पुणे शहराला खडकवासल्याचं पाणी येतं, ते तसं मृदू असतं. तिथे वेष्टनावरच्या मापाच्या पाऊण भागाने सुरुवात करावी. बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी बहुधा जड. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं चढतात, अंगाच्या साबणाला फेस येत नाही, ही त्याची खूण. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डिटर्जंटची ताकद खातं, कपड्यावर राखाडी थर बसतो आणि त्या थरात जुना वास आणि मळ दोन्ही अडकतात. अशा पाण्यात पूर्ण माप घ्यावं आणि शेवटच्या बादलीभर खंगाळण्यात एक चहाचा चमचा सायट्रिक अॅसिड विरघळवावं. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. उलट बाजूने, वासासाठी म्हणून माप फारच कमी केलं तर अंगाचं तेल कापडात राहतं. कपाटातून काढताना ठीक वाटणारा शर्ट अंगाच्या उबेने तासाभरात वास मारू लागतो. पॉलिएस्टरच्या टी-शर्टांत हे हमखास होतं, कारण तो धागा तेल धरून ठेवतो.

माप जास्त झालं की कमी, हे बघायला धुतलेल्या ओल्या टॉवेलचा कोपरा काचेच्या ग्लासात पिळावा. तळहात ठेवून ग्लास दहा वेळा हलवावा. वर आलेला फेस मिनिटभरानेही तसाच असेल तर साबण राहिला आहे: पुढच्या वेळी माप कमी करा किंवा एक खंगाळणं वाढवा. फेस लगेच विरला आणि पाणी गढूळ दिसलं तर मळच नीट निघालेला नाही.

सॉफ्टनरबद्दल आमचं मत ठाम आहे: मंद वास हवा असेल तर तो बंद करा. कम्फर्ट आणि त्या जातीचा माल कापडावर मऊ थर चढवतो आणि सुगंध त्या थरातच बसतो. टॉवेल पाणी शोषेनासे होतात. मऊपणासाठी टॉवेल वाळत घालण्याआधी आणि वाळल्यावर जोरात झटकला तरी भागतं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईच्या बंद फ्लॅटांत, कपड्यांना येणारा कुबट वास सुगंधाने जात नाही. मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू ओलसर कापडात उरलेल्या मळावर वाढतो आणि तो वास तयार करतो. त्याच्यावर उग्र सुगंध चढवला की दोन्ही मिळून डोकं उठतं. इथे उपयोगी पडतो तो वेग. यंत्र थांबलं की लगेच कपडे काढा, एक जादा स्पिन द्या, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा आणि पंखा थेट दांडीवर सोडा. दांडी स्वयंपाकघराच्या खिडकीशी नको, कारण ओला सुती कपडा फोडणीचा वास भराभर ओढतो. यंत्राच्या दाराचं रबर आणि पावडरचा खण दर आठवड्याला पुसावा, महिन्यातून एकदा 60 अंशांवर रिकामं यंत्र चालवावं, एरवी दार किलकिलं ठेवावं. रात्रभर भिजवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. अर्ध्या-पाऊण तासानंतर फारसा फायदा नसतो आणि सुटलेला मळ परत कापडावर बसू लागतो.

उन्हात वाळलेल्या सुती कपड्याचा जो स्वच्छ वास येतो, तो कुठल्याही बाटलीत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2020 साली ओले सुती टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून तपासले. उन्हातल्या टॉवेलांवर अल्डिहाइड आणि कीटोन जातीची, वास देणारी संयुगं आढळली, जी इतर टॉवेलांवर नव्हती. तो वास जाणवायचा असेल तर डिटर्जंटचा स्वतःचा वास मंद हवा, आणि कपाटात डांबराच्या गोळ्याही नकोत. एक गोळी अख्ख्या कप्प्यातले कपडे बिघडवते.

पसंत पडलेलं लिक्विडही एकदम मोठ्या कॅनमध्ये घेऊ नका. घरात चार माणसं असतील तर दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच आणावं. टोपण घट्ट लावून गॅलरीतल्या उन्हापासून दूर ठेवावं. उघड्या बाटलीत सुगंधातले हलके घटक आधी उडतात आणि जड तेवढे उरतात. रिफिलचं पाकीट जुन्या बाटलीत ओतण्याआधी बाटली धुऊन पूर्ण कोरडी करावी. सुगंध वेगळा असेल तर नवीन पाकीट स्वच्छ बाटलीतच ओता, दोन वासांचं मिश्रण कपड्यांवर फार वाईट उतरतं.