शॅडो २ पिस्तुलाला पितळी आणि अॅल्युमिनियमची ग्रिप: आठ महिने वापरल्यानंतर

मार्चमध्ये पिस्तुलाची ग्रिप (मुठीच्या दोन्ही बाजूंची पॅनल्स) बदलली, आता नोव्हेंबर चालू आहे, डायरीत मोजून सहा हजारांच्या वर राउंड (गोळ्या) झालेत, म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "जबरदस्त, डोळे झाकून घ्या" असं लिहून मोकळा झालो असतो, नव्या वस्तूचं काय, पहिल्या आठवड्यात सगळंच गोड लागतं.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कुणाच्या हाताचा अनुभव आहे ते कळेल. राहतो डॅलसजवळ, मूळ नाशिकचा, नोकरी आयटीतली. चार वर्षांपासून यूएसपीएसएच्या (इथली प्रॅक्टिकल शूटिंगची संघटना) क्लब मॅचेस खेळतो, कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजन, क्लास बी, आणि बी मधून ए मध्ये जायचं स्वप्न दर जानेवारीत नव्याने बघतो. हात लहान. हे महत्त्वाचं आहे, पुढे येईलच. पिस्तूल सीझेड शॅडो २ चं ऑप्टिक्स रेडी मॉडेल, म्हणजे वर डॉट (नेमासाठी चमकता ठिपका दाखवणारी साइट) बसवता येणारं, ९ एमएम. चेकमधलं पिस्तूल, उहेर्स्की ब्रोद गावात बनतं, मूळ शॅडो २ आलं २०१६ मध्ये. फ्रेम अख्खी स्टीलची, वजन सुमारे १३३० ग्रॅम, म्हणजे आधीच चांगलं जड.

देशातल्या मित्रांसाठी एक सांगून ठेवतो, नाहीतर भाऊ विचारणार "कुठे मिळेल". भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहसा लायसन्स न मिळणाऱ्या मापांत येतं, त्यामुळे हा नाद तिथे करण्यासारखा नाहीच. आपल्याकडे पिस्तूल शूटिंग म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत आठवते, २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं तिने. पण ते पॉइंट टू टू, एका हाताने धरायचं, आणि ग्रिप लाकडाची, पंजाच्या मापाने कोरून, पुट्टी लावून बसवलेली. इथे दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, पळायचं, मॅगझिन बदलायचं आणि घड्याळ चालू असतं. त्यामुळे ग्रिपकडून अपेक्षाच वेगळी.

तर माझ्या पिस्तुलाला कंपनीची अॅल्युमिनियमची पातळ पॅनल्स होती. वाईट नव्हती, पण टेक्सासच्या जूनमध्ये, ४० डिग्रीत, घामाने हात निसटायचा, डावा हात तर पाचव्या-सहाव्या गोळीनंतर स्वतःहून खाली सरकायचा आणि मी स्टेजच्या (मॅचमधल्या एका फेरीच्या) मध्यात तो परत वर चढवत बसायचो. म्हणून दोन सेट मागवले. एक पितळी, तळव्याला भरीव लागणारा, मध्ये फुगवटा असलेला, आणि दुसरा अॅल्युमिनियमचा, पातळ, पण खवल्यांसारख्या टोकदार खाचा असलेला. पितळीला साधारण दीडशे डॉलर पडले, अॅल्युमिनियमला शंभराच्या आत. बायकोला दोन्ही मिळून शंभर सांगितले, ते सोडा.

पितळी आधी लावली, कारण दिसायला... काय सांगू, काळ्या पिस्तुलावर ते पिवळं पितळ म्हणजे लग्नातला नवरदेव. पितळ अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं, त्यामुळे एवढ्याशा दोन पट्ट्यांनी पिस्तुलाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढलं. नियमात बसतं की नाही ही भीती होती, कॅरी ऑप्टिक्सला रिकाम्या मॅगझिनसकट ५९ औंसची मर्यादा आहे, म्हणजे साधारण १६७० ग्रॅम. किचनच्या वजनकाट्यावर ठेवलं, कणकेचं भांडं बाजूला सारून, डॉट वगैरे धरून साडेपंधराशेच्या आतच भरलं. पास.

आता मुद्द्याचं. वजन वाढलं की रिकॉइल (गोळीचा धक्का) कमी होणार हे सगळेच म्हणतात आणि ते खोटं नाही, पहिल्या मॅगझिनला डॉट खरंच कमी उडताना दिसला. पण टायमर लावून महिनाभर बिल ड्रिल केलं, सात यार्डावर सहा गोळ्या, आणि दोन गोळ्यांमधलं अंतर जुन्या ग्रिपने ०.२३ सेकंद आणि पितळीने ०.२२, कधी उलटंही. म्हणजे दीडशे डॉलरमध्ये एक शतांश, तोही माझ्या त्या दिवशीच्या झोपेवर अवलंबून. नंतर डोक्यात प्रकाश पडला की हे वजन येतं कुठे, तर मुठीत, जिथे पिस्तूल आधीच आपण आवळून धरलेलं असतं. उडतं ते तोंड, आणि तोंडाजवळ तर काहीच वाढलं नाही. घणाला दांड्यापाशी वजन बांधल्यासारखं झालं हे. स्थिर वाटतं, हातात घेतल्यावर भारी वाटतं, पण डॉट परत जागेवर यायचा वेग तोच.

आणि फुगवटा. ज्यांचे पंजे मोठे आहेत त्यांना तो भरीव तळवा आवडेलच, माझ्या रेंजवरच्या सहा फुटी मित्राने हातात घेतलं आणि परत द्यायलाच तयार होईना. मला मात्र त्याने घात केला. शॅडो २ ची पहिली गोळी डबल अॅक्शनवर, म्हणजे हॅमर खाली असतो आणि ट्रिगरच तो मागे ओढतो, तेव्हा ट्रिगर लांब असतो, बोट पोचायला पाहिजे. जाड ग्रिपने माझं बोट टोकावर यायला लागलं, मग मी नकळत पंजा उजवीकडे फिरवून धरायला लागलो आणि पहिली गोळी दर वेळी डावीकडे खाली. दोन मॅच मला वाटत राहिलं की डॉटचं झिरोइंग (नेमाची जुळवणी) हललंय. डॉट दोनदा झिरो केला! शेवटी घरी ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय सराव करताना (बंदूक तीनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत, हे न चुकता) भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत ट्रिगर दाबला तेव्हा दिसलं, डॉट हॅमर पडायच्या आधीच डावीकडे ढकलला जातोय. डॉट बिचारा निर्दोष होता.

मे महिन्यात पितळी काढली आणि पातळ अॅल्युमिनियमची लावली, आणि इथे मी जो मूर्खपणा केला तो सविस्तर सांगतो. शॅडोला दर बाजूला एकच स्क्रू असतो, त्यामुळे काम पाच मिनिटांचं वाटतं. माझ्याकडे दोन सेटचे दोन मापांचे स्क्रू एकाच वाटीत पडलेले, मी पातळ पॅनलला जाड पॅनलचे लांब स्क्रू लावले. बसले मस्त. रेंजवर पहिला रीलोड, बटण दाबलं, मॅगझिन खाली येईना. हिसका देऊन काढलं तर त्याच्या अंगावर उभा ओरखडा, स्क्रूचं टोक आत मॅगझिनच्या वाटेत अर्धा मिलिमीटर डोकावत होतं. तर ग्रिप बसवल्यावर सगळ्यात आधी रिकामं मॅगझिन घालून बटण दाबा, ते स्वतःच्या वजनाने सर्रकन खाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर स्क्रू बघा, मॅगझिनला शिव्या देऊ नका.

दुसरी कटकट डाव्या पॅनलच्या वरच्या कडेची, ती सेफ्टीच्या खालच्या बाजूला घासत होती, सेफ्टी पूर्ण खाली टक्कन बसत नव्हती. विकणाऱ्याला मेल केला, उत्तर आलं की "आमच्याकडे फिट बसतं". बरं. नाव घेत नाही, पण शंभर डॉलर घेता तर केसभर माप नीट घ्यायला काय जातं. बारीक कानशीने कड घासली, तीन वेळा लावून काढून बघितलं, तेव्हा बसली. तिथला अॅनोडायझिंगचा थर गेला आणि चांदीसारखा ठिपका दिसतो आता, नजर लागू नये म्हणून लावलेल्या तिटेच्या उलटा.

पण एकदा बसल्यावर, काय फरक पडला राव. ह्या खाचा म्हणजे नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं. घाम असो, सनस्क्रीनचा चिकटा असो, डावा हात जिथे ठेवला तिथेच राहतो, बत्तीस राउंडच्या लांब स्टेजमध्येही सरकत नाही. पातळ असल्यामुळे डबल अॅक्शनला बोट पुरतं, पहिली गोळी परत ए झोनमध्ये (टार्गेटच्या मधोमध) यायला लागली. यूएसपीएसएमध्ये मायनरला (कमी ताकदीच्या गोळ्यांचा गट, आमची ९ एमएम त्यातच) ए चे पाच, सी चे तीन आणि डी चा फक्त एक गुण, आणि गुण भागिले वेळ म्हणजे हिट फॅक्टर, म्हणजे वेग न वाढवताही नुसत्या डी कमी झाल्या की आकडा वर जातो. माझा जो काही फायदा झाला तो इथून झाला, धातूच्या वजनातून एक पैसाही नाही.

किंमत मात्र तळव्याने मोजली. पहिले दोन आठवडे डाव्या तळव्याची साल निघाली, अंगठ्याच्या मुळाशी लाल चट्टा, ऑफिसात लॅपटॉप उचलताना चुरचुरायचं. मग घट्टा पडला. सप्टेंबरात मंडळाच्या ढोल पथकात उभा राहिलो तर पहिल्यांदाच असं झालं की टिपरूने हाताला फोड आला नाही, बाकीचे पट्ट्या बांधत होते. टी-शर्ट मात्र दोन फाटले, पिस्तूल होल्स्टरमध्ये असलं की ती खाच बाजूच्या कापडाला किसते.

मधे एक प्रकार घडला तो ऑगस्टच्या मॅचमध्ये. चौथी स्टेज, दाराआडून डावीकडे झुकून मारायचं होतं, आणि अचानक हातात काहीतरी कुरकुरलं, उजवं पॅनल मुठीत हललं. स्क्रू ढिला. स्टेज कशीबशी संपवली, रेंज ऑफिसरचं शेवटचं "इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर" झालं आणि सेफ टेबलवर जाऊन बघितलं तर स्क्रू दीड आटे बाहेर. चूक माझीच, लावताना निळं लॉकटाइट (स्क्रू जागेवर धरणारा गोंद) लावायचा कंटाळा केला होता. आता थेंबभर लावतो (निळंच, लाल लावलं तर काढताना आई आठवेल), रात्रभर सुकू देतो, आणि स्क्रूच्या डोक्यापासून पॅनलपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. नेलपॉलिश बायकोचं, मरून.

आई ह्यावरून आठवली. ती उन्हाळ्यात सहा महिने आली होती, टेबलावर काढून ठेवलेली पितळी पॅनल्स तिने बघितली, घामाने पार काळी-हिरवी पडलेली, बोटांचे ठसे उमटलेले. बंदुकीचं काय आहे वगैरे काही विचारलं नाही.

"अरे, पितळ असं ठेवतात का? नाशिकची ना आपण! आण इकडे."

"अगं आई, ते देवाचं नाहीये."

"पितळ ते पितळ."

चिंच भिजवली, मीठ घातलं, पाच मिनिटांत लखलखीत करून दिली. पितांबरीनेही होतं, पण चिंचेने जो रंग येतो तो वेगळाच. फक्त एक करा, पॅनल्स पिस्तुलावरून काढूनच चिंच लावा आणि भरपूर पाण्याने धुऊन कोरडी करा, कारण खाली स्टीलची फ्रेम आहे, तिला आंबट लागलं तर गंज पकडेल.

गंजावरून आठवलं, हे कुणी सांगत नाही. कुठलीही धातूची ग्रिप घ्या, घाम कडेने आत झिरपतो आणि पॅनलखाली अडकून बसतो. मी तीन महिने ग्रिप काढलीच नव्हती, ऑगस्टमध्ये तो स्क्रू ढिला झाला म्हणून उघडली, तर फ्रेमवर पॅनलच्या आकाराची नारिंगी रेघ. तेल आणि मऊ कापडाने गेली, पण जिवाला लागलं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही बाजू काढतो, पुसतो, तेलाचा हात फिरवतो, परत लॉकटाइट, परत रेघ.

बाकीच्या पार्ट्सबद्दल थोडक्यात. मॅगझिनला पितळी बेस पॅड (तळाचे तुकडे) लावलेत, तिथे पितळाचं वजन खरंच कामाला येतं, रिकामं मॅगझिन दगडासारखं खाली पडतं. नियमातल्या १४१.२५ मिलिमीटर लांबीच्या गेजमध्ये मॅगझिन बसतात ना ते स्वतः तपासा, जाहिरातीवर जाऊ नका. मॅगवेलचा (मॅगझिन पटकन घुसावं म्हणून मुठीखाली लावतात ते नसराळं) मोह मला पण झाला होता पण कॅरी ऑप्टिक्समध्ये चालत नाही, चेकिंगमध्ये सापडलं तर सरळ ओपन डिव्हिजनमध्ये टाकतात, लिमिटेड ऑप्टिक्स डिव्हिजन खेळणाऱ्यांनी खुशाल लावावा. हलकी मेनस्प्रिंग (हॅमरची स्प्रिंग) टाकली होती, ट्रिगर लोण्यासारखा झाला आणि कडक प्रायमरच्या (गोळी पेटवणाऱ्या टोपीच्या) गोळ्या शंभरात दोन-तीन फुटेनात, नुसती खूण पडून राहायची. एक नंबर जड स्प्रिंग परत टाकली आणि गप्प बसलो. स्लाइड स्टॉप झिजणारा पार्ट समजून एक स्पेअर बॅगेत असतो.

उन्हाचं राहिलं. जुलैत गाडीच्या डिकीत बॅग राहिली तर धातूची ग्रिप चटका देते, पितळी जास्त वेळ तापलेली राहते. बॅगेत ओला नॅपकिन नको (गंज!), सावलीत ठेवा एवढंच. जानेवारीत उलटं असणार, त्याचा अनुभव अजून यायचाय.

पितळी सेट त्या सहा फुटी मित्राला शंभराला दिला, आईने चमकवलेला होता म्हणून घासाघीस न करता घेतला त्याने, आणि आता विचारतोय की ते "टॅमरिंड" कुठल्या दुकानात मिळतं. माझ्या पिस्तुलावर अॅल्युमिनियमचीच आहे. मरून रेघ आज सकाळी बघितली, दोन्ही बाजूंना सरळ आहे.