ओ-नेट: साठ प्रश्न, वीस चिठ्ठ्या आणि ठाणे-बेलापूर रोडवरची नोकरी

फुकट आहे, लॉगिन नाही, मोबाइल नंबर मागत नाही. त्यामुळे संध्याकाळी कुणी 'सर, काउन्सेलिंगचं पॅकेज घेणार का' म्हणून फोनही करत नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याचं ओ-नेट हे व्यवसाय निवडायला मदत करणारं साधन नोकरीत जीव रमत नसलेल्या कुणीही वापरून बघावं असं आहे. मात्र त्याचे दोन भाग आहेत. पहिला आवडीचा, दुसरा कामाकडून आपल्याला काय हवं याचा. बहुतेक जण पहिला सोडवतात, निकालाचा स्क्रीनशॉट काढतात आणि तिथेच थांबतात. खरा माल दुसऱ्या भागात आहे.

पहिला भाग 'माय नेक्स्ट मूव्ह' या साइटवर मिळतो. ६० कामं एकेक करून समोर येतात आणि प्रत्येकाला 'अजिबात आवडणार नाही' ते 'खूप आवडेल' अशा पाचांपैकी एक उत्तर द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मागे मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडची सहा प्रकारांची मांडणी आहे: हाताने करायची कामं, शोधक, कलात्मक, माणसांत राहून करायची, उद्यमी आणि पद्धतशीर. प्रत्येक प्रकाराचे दहा प्रश्न, जास्तीत जास्त ४० गुण. भाषा इंग्रजी किंवा स्पॅनिश. मराठी नाही, पण वाक्यं पाच-सहा शब्दांची असतात, अडत नाही.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. 'स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं' असा एक प्रश्न येतो. इथल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर जिन्यात प्लायवूड कापणारा, कानावर पेन्सिल खोचलेला मिस्त्री उभा राहतो आणि बोट आपोआप 'आवडणार नाही'वर जातं. हे उत्तर कामाला दिलेलं नसतं, कामाच्या प्रतिष्ठेला दिलेलं असतं. शिक्षण आहे का, पैसे किती मिळतील, याचा विचार करू नका, असं चाचणीत सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. ती सूचना वाचून सोडून दिली की हातकामाचे गुण खोटे कमी येतात. उपाय सोपा: प्रत्येक प्रश्नाला 'सुट्टीच्या दिवशी, कुणी बघत नसताना हे दोन तास करायला आवडेल का' असं मनात विचारायचं.

दुसरी चूक म्हणजे 'नक्की सांगता येत नाही'चा मारा. या उत्तराला मधले गुण मिळतात, म्हणून सगळीकडे तेच निवडलं की निकालातले सहाही खांब विशीच्या आसपास सपाट होतात. असा निकाल आला तर स्वभावाविषयी निष्कर्ष काढू नका, चाचणी पुन्हा द्या. आणि २७ व २५ मधल्या फरकावर चर्चासत्र भरवू नका. दोन-तीन गुणांना काही अर्थ नसतो, वरचे दोन-तीन प्रकार धरून पुढे जायचं.

ते दोन प्रकार एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे निघाले तर लोक गडबडतात. हॉलंडने हे सहा प्रकार षटकोनाच्या कोपऱ्यांवर मांडलेत; त्यात हातकाम आणि माणसं समोरासमोर आहेत, तसेच कलात्मक आणि पद्धतशीर, शोधक आणि उद्यमी. पण हात आणि माणसं दोन्ही लागणारी कामं आहेतच: आयटीआयमधला निदेशक, फिजिओथेरपिस्ट. विरुद्ध जोडी आली तर यादी लहान होते इतकंच.

गुणांनंतर साइट तयारीच्या (शिक्षण, प्रशिक्षण, अनुभव) पाच पातळ्यांपैकी एक निवडायला सांगते आणि नऊशेहून जास्त व्यवसायांच्या साठ्यातून यादी काढते. ही यादी वाचायची, पण जशीच्या तशी खरी धरायची नाही. पगार डॉलरमधला, 'मागणी वाढतेय' दाखवणारं सूर्याचं चिन्ह अमेरिकेच्या बाजारापुरतं, परवान्याचे नियम तिकडचे. एमपीएससीची पदं त्यात त्या नावाने नाहीत. व्यवसायाच्या नावाखाली रोजची कामं लिहिलेली असतात, उपयोगाची ती.

आता दुसरा भाग. नाव 'वर्क इम्पॉर्टन्स लोकेटर', छापायची पीडीएफ मिळते. त्यात २० चिठ्ठ्या, प्रत्येकीवर नोकरीत हवीशी एक गोष्ट: माझं कौशल्य वापरलं जावं, नोकरी टिकावी, मनाला न पटणारं करावं लागू नये, वरिष्ठाने पाठीशी उभं राहावं वगैरे. जेवणाच्या टेबलावर पाच रकाने आखायचे आणि प्रत्येकात बरोबर चार चिठ्ठ्या ठेवायच्या. पाचव्या रकान्यात सगळ्यात महत्त्वाच्या, पहिल्यात सगळ्यात कमी. नुसता फॉर्म भरताना आपण पगारापासून मानापर्यंत सगळ्यापुढे 'अतिमहत्त्वाचं' लिहून मोकळे होतो. इथे पाचवी चिठ्ठी ठेवायची तर एक उचलावीच लागते. ती उचलताना हात जिथे थांबतो, तिथे या चाचणीचे पैसे वसूल (फुकट असली तरी).

मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधनातून आलेल्या या मांडणीत विसांचे सहा गट होतात: कर्तृत्व, स्वातंत्र्य, मान, माणसांशी नातं, वरिष्ठांचा आधार आणि कामाची परिस्थिती. चिठ्ठी ज्या रकान्यात, तितके तिचे गुण. कर्तृत्वाच्या चिठ्ठ्या दोनच, म्हणून बेरजेला तीनने गुणायचं. मधल्या चार गटांच्या तीन-तीन, त्यांना दोनने. कामाच्या परिस्थितीच्या सहा, तिथे गुणाकार नाही.

गोची याच सहांत आहे. पगार, नोकरीची शाश्वती, कामातली विविधता, सतत हाताला काम, एकट्याने काम करता येणं आणि कामाच्या जागेची सोय, सगळं एका गाठोड्यात बांधलंय. घराचा हप्ता भरणाऱ्याने पगार आणि शाश्वती पाचव्या रकान्यात ठेवली, विविधता आणि सतत व्यस्त राहणं पहिल्यात आणि उरलेल्या दोन तिसऱ्यात, तर बेरीज १८. कर्तृत्वाच्या दोन्ही चिठ्ठ्या तिसऱ्या रकान्यात ठेवल्या तरी सहा गुणिले तीन, पुन्हा १८. म्हणजे ज्याच्यासाठी पैसा आणि शाश्वती सगळ्याच्या वर, त्याच्या निकालात ते कोमट दिसतं. म्हणून गटांची बेरीज करा, पण पाचव्या रकान्यातल्या चार चिठ्ठ्या जशाच्या तशा वहीत उतरवा. पुढचा निर्णय त्या चारांवर घ्यायचा.

समजा ठाणे-बेलापूर रोडवरच्या महाप्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्याचे शोधक ३१, माणसांचे २९, पद्धतशीर १४ आले आणि पाचव्या रकान्यात 'दुसऱ्यांसाठी काही करता यावं', 'सहकारी चांगले असावेत', शाश्वती आणि पगार निघाले. क्षेत्र सोडायची गरज यातून सिद्ध होत नाही. खटकतोय तो रोजचा पद्धतशीर भाग. त्याच कंपनीत नव्या लोकांना शिकवणं, ग्राहकाला प्रणाली लावून देणं अशी कामं असतील तर पगार आणि शाश्वतीला धक्का न लावता पहिल्या दोन चिठ्ठ्या मिळू शकतात. ज्याच्या पाचव्या रकान्यात शाश्वती नाही आणि स्वतः ठरवण्याची मोकळीक आहे, त्याला हाच सल्ला चुकीचा ठरेल.

प्रवासाची चिठ्ठी मात्र या संचात नाही, आणि घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला ती उणीव लगेच जाणवेल. एकविसावी चिठ्ठी घुसवू नका, गुणाकार बिघडतो. वेगळ्या कागदावर तीन आकडे लिहा: दाराबाहेर पडल्यापासून टेबलावर बसेपर्यंतची मिनिटं, महिन्यातल्या रात्रपाळ्या, हप्ता वजा जाता लागणारा किमान पगार. यादीतला व्यवसाय या तिन्हींत बसला तरच त्यातल्या माणसाला भेटायला जा, आणि भेटल्यावर 'काम आवडतं का' असं विचारू नका. गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलं ते विचारा.

मग पैसे देऊन समुपदेशकाकडे जावं का? निकालाचा अर्थ लावताना अडलात तर जरूर, पण आधी विचारा: चाचणी कोणती, गुणांची तुलना कुठल्या वयाच्या आणि कुठल्या देशातल्या लोकांशी करता, आणि अहवाल संगणक लिहितो की तुम्ही? बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारी डीएमआयटी पुढे केली तर चप्पल घालून निघा, तिला शास्त्रीय आधार नाही.

ज्यांनी दहावीला राज्य मंडळाची २०१६ पासूनची कल चाचणी दिली होती, त्यांनी तो कागद शेजारी ठेवून बघावा. तिची सात क्षेत्रं होती, त्यात गणवेशधारी सेवा वेगळी. पण ती शाखा निवडायला होती आणि तेव्हाची आवड आज बदललेली असू शकते, त्यामुळे दोन्ही जुळले नाहीत तर नवा निकाल धरा.

आणि लॉगिन नसल्याचा एक तोटाही आहे: टॅब बंद झाला की निकाल गेला. सहाही आकडे आणि तारीख त्याच वहीत, चिठ्ठ्यांच्या खाली लिहून ठेवा.