न भरणाऱ्या जखमा आणि ऑक्सिजन चेंबर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

चेंबर, म्हणजे वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणारा बंद कक्ष, सर्जनच्या चाकूची जागा घेत नाही, हे सहा महिन्यांत पक्कं झालंय. कुजका भाग आत राहिला तर वीस सिटिंग पाण्यात. आधी जखम साफ करायची, कल्चर (जखमेत कोणते जंतू आहेत याची तपासणी) बघून अँटिबायोटिक चालू करायचं, मग ऑक्सिजन.

साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. अडीच अ‍ॅटमॉस्फिअर दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो पाच मिलीच्या आसपास जातो. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला हाच लागतो आणि सुजलेल्या जखमेत नेमका तोच कमी पडतो. पण रक्तवाहिनीच तुंबलेली असेल तर तो पोचणार कुठून? म्हणून मधुमेही पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, आधी. चेंबरमध्ये जखमेशेजारच्या कातडीवरचं ऑक्सिजनचं माप (पाऱ्याच्या) २०० मिमीच्या वर गेलं तर आशा धरावी. नाही गेलं तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे न्यावं.

एक सिटिंग साधारण ९० मिनिटांचं, दाब २ ते २.५ अ‍ॅटमॉस्फिअर. आठवड्याला पाच, एकूण वीस ते चाळीस. गोव्यातल्या काणकोण किंवा सत्तरीहून रोजची ये-जा सोपी नाही, त्यात गणेश चवथीला हमखास खाडे पडतात. घाईची जखम नसेल तर चवथ उरकूनच सुरुवात करावी.

सर्वांत जास्त त्रास कानांचा. दाब चढताना नाक दाबून हलकी फुंकर मारायची किंवा आवंढा गिळत राहायचं. कान दुखला की लगेच सांगायचं, सहन करत बसलात तर पडद्याला इजा होते. पावसाळ्यात सर्दी झालेल्याचं सिटिंग त्या दिवशी रद्दच करावं. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर ती काढल्याशिवाय आत पाठवायचंच नाही.

आत साखर उतरते. आधी ग्लुकोमीटर लावा, शंभरच्या आसपास असेल तर खाऊ घालून थोड्या वेळाने पुन्हा बघा. कपडे फक्त सुती. केसांना खोबरेल, जखमेवर व्हॅसलीनची पट्टी, खिशात मोबाइल किंवा लायटर यातलं काहीही चालत नाही, आगीचा धोका खरा आहे. खोबरेलाबद्दल घरच्यांना आदल्या दिवशीच बजावून ठेवावं.

मासे साफ करताना काटा टोचून काही तासांत हात काळानिळा पडला, फोड आले, तर चेंबर शोधू नका. थेट तातडीच्या विभागात जा. तिथे तास मोजले जातात.

लांबच्या कोर्समध्ये काहींची लांबची नजर अधू होते. ती बहुधा आठवड्यांत-महिन्यांत पूर्ववत होते, तोवर नवा चष्मा करू नये.