टॉर्क टेस्टर, आठ महिन्यांनी: मशीन बरं, रबर महाग

चार रबरांचे ३,२०० रुपये! सर्व्हिसवाल्याचं हे कोटेशन आलं म्हणून लिहायला बसले.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) छोट्या प्लांटमध्ये मी क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी बघते. खेळाडूंचं पेय, २८ मिलिमीटरचं झाकण, वर ओढून प्यायचं नॉझल. झाकण किती घट्ट बसलंय, म्हणजे ते पिळायला किती जोर (टॉर्क) लागतो, ते बघायला डिजिटल टेस्टर घेतला. बाटली धरणाऱ्या चार खुंट्यांवर रबर असतं, ते चौथ्या महिन्यात गुळगुळीत झालं. आमच्याकडे बाटली ओलीच येते. झाकण पिळलं की अख्खी बाटली गर्रकन फिरते आणि पीक होल्डवर (सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवणारी सोय) भलताच आकडा अडकून बसतो. फोन केला तर, "थई जशे, बेन." तीन आठवडे काही थयुं नाही. शेवटी दांडिया बाजारातून सायकलची ट्यूब आणली, रिंगा कापून चढवल्या. ७० रुपये. त्यांनाही आता चार महिने झाले, जशाच्या तशा आहेत.

मशीनला दिलेल्या शिव्या मात्र मागे घेते. एकदा उघडायचा टॉर्क सकाळी ११ इंच-पाउंड, दुपारी ६. बसवल्यावर झाकण थोडं सैलावतंच, पण इतकं? मला वाटलं मशीन गेलं. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या कप्पीवर २ किलोचं वजन टांगलं, म्हणजे १० किलो-सेंटिमीटर यायला हवं. आलं १०.१. खोट कॅपिंग हेडच्या, म्हणजे बाटलीवर झाकण पिळून बसवणाऱ्या भागाच्या, क्लचमध्ये निघाली. (चालू केलं की दर वेळी किलो-सेंटिमीटरच दाखवतं, आमचा तक्ता इंच-पाउंडात. नवा मुलगा हमखास चुकतो.)

खोक्यात एक पारदर्शक नळकांडं फुकट आलं होतं, ते मी कपाटात टाकून दिलं होतं. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली २५.४ ते ५७.१. तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा धरून केलेलं, खेळण्यांच्या तपासणीतलं माप: वस्तू अख्खी आत मावली तर ती घशात अडकू शकते. सहज म्हणून नॉझलवरची सुटी टोपी टाकली, टपकन आत. शेठ म्हणाले, "आपण खेळणी विकतो का?" म्हटलं, तुमचा नातू टोपी कशाने उघडतो ते बघा. दातांनी! पुढच्या लॉटपासून बिजागरीची टोपी आली. तीही मी ताणकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) लावून ओढते, तुटली की नळकांड्यात टाकून बघते.

वार्षिक कराराचा कागद आलाय. कॅलिब्रेशन (मशीनचा आकडा बरोबर येतो का याची तपासणी) करून घेणार. रबराची ओळ खोडून परत पाठवलाय.