जॉयस्टिकवाली नवी बोट की जुनी लाकडी यॉट?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या बझर्ड्स बे या खाडीत उन्हाळ्यात दुपार झाली की नैऋत्येचा वारा जोर धरतो. नेमक्या त्याच वेळी बोटी परतत असतात आणि धक्क्याला लावताना नवख्याची छाती धडधडते. त्यामुळे पहिली बोट घेणारा आधी हेच विचारतो: हिला जॉयस्टिक आहे का?

प्रश्न रास्त आहे. बोटींची इंजिनं बनवणाऱ्या व्होल्वो पेंटाच्या आयपीएस या चालक यंत्रणेला 2006 मध्ये जॉयस्टिक मिळाली. बोटीखालचे दोन पॉड, म्हणजे पंखे बसवलेले फिरते भाग, स्वतंत्र वळतात. दांडी कलवाल तिकडे जाण्यासाठी संगणक दोन्हींचा कोन आणि जोर जुळवतो आणि बोट खेकड्यासारखी आडवी सरकते. 2021 च्या असिस्टेड डॉकिंगमध्ये वारा आणि प्रवाह यांचा रेटाही यंत्रणाच सावरते. बोटीवर दोघंच असतील, त्यातून सोबत लहान मुलं असतील, तर हा मोठाच दिलासा आहे. मात्र बिघाड झाला तर त्या यंत्रणेचा जाणकारच लागतो.

जुन्या यॉटला एकच पंखा आणि लांब कील, म्हणजे तळाचा उभा कणा. रिव्हर्स टाकला की उजव्या फिरतीच्या पंख्यामुळे मागची बाजू डावीकडे खेचली जाते, आणि तेव्हा सुकाणू फारसं ऐकत नाही. पण हीच खोड उपयोगी पडते. डावी बाजू धक्क्याकडे ठेवून हळू, तिरकं यायचं. रिव्हर्स टाकताच मागची बाजू आपसूक आत येते. वारा पडलेल्या सकाळी वीस-पंचवीस वेळा करा, हात बसतो. केवळ धक्क्याच्या भीतीपोटी लाकडी यॉट सोडू नका, असं मी कळकळीने सांगेन.

सोडायचीच तर हिवाळ्याचा हिशेब करून सोडा. याच खाडीवर 1938 च्या चक्रीवादळात मोडलेल्या एका बोटीच्या जागी कॉन्कॉर्डिया यॉल ही दोन डोलकाठ्यांची लाकडी शिडाची बोट आखली गेली. एकूण 103 बांधल्या, त्यांतल्या 99 जर्मनीच्या आबेकिंग अँड रासमुसेनने. कडेच्या सोनेरी रेघेच्या पुढच्या टोकाला तारा, मागच्या टोकाला चंद्रकोर. इतकी देखणी बोट मी दुसरी पाहिलेली नाही. पण कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून झापांनी शाकारतात, तसं हिलाही थंडीत वर काढून झाकावं लागतं. वसंतात सांधे तपासणं, रंग, वॉर्निश. पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पंप चालू. खारं पाणी लाकडाला एवढं बाधत नाही, डेकमधून झिरपणारं पावसाचं पाणी कुजवतं. 'रिस्टोअर केलेली' या शब्दावर विसंबू नका: लाकडाची जाण असलेला सर्वेक्षक आणा, दोन-चार स्क्रू काढून बघायला लावा. नवा रंग कुजकं लाकूड झाकतो. विमा कंपनीही बहुधा सर्वेक्षकाचा अहवाल मागतेच.

फायबरग्लासच्या नव्या बोटीला एवढी सेवा लागत नाही. वर्षाकाठी मोजकेच शनिवार-रविवार मिळणाऱ्या कुटुंबाने तीच घ्यावी.

मन लाकडाकडेच ओढत असेल आणि बोटीवर रात्री राहायचं नसेल, तर हेरेशॉफ 12½ ही छोटी शिडाची बोट बघा. 1914 मध्ये याच खाडीतल्या मुलांना शिडं शिकवायला नाथनेल हेरेशॉफ यांनी ती आखली. पाणरेषेवर साडेबारा फूट, म्हणून हे नाव. वॉर्निशचं काम चार सुट्ट्यांत उरकतं, आणि तोच आराखडा फायबरग्लासमध्येही मिळतो.